नव्या क्रेडिट कार्डाची पतमर्यादा कशी ठरते?

'गावात त्याची पत आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या माणसाच्या शब्दावर लोक व्यवहार करतात, असा अर्थ असतो. बँकेला मात्र अर्जदार अपरिचित असतो. म्हणून पहिल्या क्रेडिट कार्डावर किती रकमेपर्यंत उधारी द्यावी, हे ती नोंदींवरून ठरवते. या रकमेस 'पतमर्यादा' म्हणतात. ती ठरवताना पुढील बाबी पाहिल्या जातात.

१. उत्पन्न आणि देणी : वेतनचिठ्ठी, प्राप्तिकर विवरणपत्र किंवा खातेउतारा यांवरून उत्पन्न पडताळले जाते. समजा, दोन अर्जदारांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी ४०,००० रुपये आहे. पहिल्याचे १८,००० रुपये कर्जाच्या हप्त्यांत जातात. दुसऱ्यावर कर्ज नाही. पहिल्याच्या हाती २२,००० रुपयेच उरतात. इतर बाबी समान असल्यास त्याची मर्यादा कमी ठरण्याचा संभव अधिक. अन्य बँकांच्या कार्डांवरील मर्यादाही विचारात घेतल्या जातात.

२. परतफेडीचा इतिहास : सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवतात. त्यांचे नियमन २००५ च्या कायद्यानुसार होते. या नोंदींवरून ३०० ते ९०० या दरम्यानचा गुणांक काढला जातो. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही, त्याचा गुणांकच तयार होत नाही. आयुष्यभर रोखीने चोख व्यवहार केलेली व्यक्तीही येथे अनोळखी ठरते. अशा वेळी बँक लहान मर्यादेपासून आरंभ करते किंवा मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड देते.

३. बँकेचे धोरण : प्रत्येक बँकेचे निकष स्वतंत्र असल्याने एकाच व्यक्तीला दोन बँका भिन्न मर्यादा देऊ शकतात.

अर्जदाराचे हक्क : रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अर्ज नाकारल्यास कारण लेखी कळवावे लागते, तसेच ग्राहकाच्या स्पष्ट संमतीविना मर्यादा वाढवता येत नाही. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात चूक आढळल्यास दुरुस्ती मागावी.

लक्षात ठेवा : मर्यादा म्हणजे उत्पन्न नव्हे, ती फेडावयाची उधारी आहे. आणि कमी मर्यादा हा आपल्या चारित्र्यावरील शेरा नव्हे. बँकेला दिसते ती केवळ नोंदलेली पत. माणसाची सगळी पत नोंदींत मावत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. समान उत्पन्न असूनही पतमर्यादा भिन्न का असू शकते?
२. 'पत' या शब्दाचा लोकव्यवहारातील आणि बँकव्यवहारातील अर्थ यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.