पाया आणि भार : संगणकाच्या वीजपुरवठ्याची पारख

काशी येथे मणिकर्णिका घाटाला लागून उत्तरेस शिंदे घाट आहे. १८२७ साली दौलतराव शिंदे निवर्तल्यानंतर ग्वाल्हेरचा कारभार पाहणाऱ्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो बांधविला. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा स्तंभमंडप त्यांनीच १८२८ मध्ये उभारला होता. घाटासाठी दगडाची वा द्रव्याची उणीव पडली नाही. परंतु त्या प्रचंड बांधकामाचा भार खालच्या जमिनीला पेलला नाही, आणि घाटाचा काही भाग खचला, असे सांगितले जाते. बांधकाम किती भक्कम आहे हे डोळ्यांना दिसते. ते ज्यावर उभे आहे, त्याची शक्ती मात्र दिसत नाही. ती आधी मोजावी लागते.

घरातील संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवू पाहणाऱ्यापुढे हाच प्रश्न लहान प्रमाणावर उभा असतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्रे रचणारा स्वतंत्र भाग. चित्रपटांचे संकलन, इमारतींचे आराखडे, खेळ इत्यादींसाठी त्याची गरज पडते. त्याची किंमत पुष्कळदा उरलेल्या संगणकाइतकी असते, आणि विजेची भूकही तशीच मोठी असते. ती भागविणारी पत्र्याची पेटी, जिला बाजारात ‘एसएमपीएस’ किंवा ‘पॉवर सप्लाय’ म्हणतात, ती कॅबिनेटच्या कोपऱ्यात दडलेली असते आणि खरेदीच्या वेळी तिचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो.

या पेटीचे कार्य काय? भारतात घरात येणारी वीज २३० व्होल्टची व उलटसुलट दिशेने वाहणारी, म्हणजे प्रत्यावर्ती असते. संगणकाच्या भागांना मात्र कमी दाबाची, एकाच दिशेने वाहणारी वीज हवी असते. म्हणून ही पेटी १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा तीन वाटांनी वीज देते. आधुनिक संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे भक्षक प्रामुख्याने १२ व्होल्टच्या वाटेवर अवलंबून असतात. हे ध्यानी आले की पुढील हिशेब सोपा होतो.

समजा, पेटीवर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ असे छापलेले आहे. हा आकडा तिन्ही वाटांची बेरीज असू शकतो. त्याच पेटीच्या बाजूला एक लहानसा तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टपुढे ‘२५ अँपिअर’ असे लिहिलेले आढळले, तर व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करावा. १२ गुणिले २५ म्हणजे ३०० वॅट. ग्राफिक्स कार्डाच्या दृष्टीने या पेटीची खरी ऐपत ४५० नव्हे, ३०० वॅटची आहे.

आता मागणी पाहू. इंटेलचा कोअर आय५-१२४०० हा प्रोसेसर पूर्ण जोरात असताना ११७ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या कार्डाची मागणी १७० वॅट आहे. दोन्ही मिळून २८७ झाले. मदरबोर्ड, पंखे आणि डिस्क यांसाठी आणखी ४० ते ५० वॅट धरले, तर बेरीज सुमारे ३३० वॅट होते. छापील ४५० कडे पाहिले तर पुष्कळ शिल्लक आहे असे वाटते. तक्त्याकडे पाहिले तर पेटी अपुरी ठरते. या कार्डासाठी उत्पादकानेच ५५० वॅटच्या पेटीची शिफारस केली आहे, ती अशा कारणांनी.

शिफारस इतकी सढळ असण्याचे आणखी एक कारण आहे. गंगेच्या काठी बांधकाम करणाऱ्याला उन्हाळ्यातील पात्र पाहून भागत नाही. पावसाळ्यातील पूर ध्यानात घ्यावा लागतो. ग्राफिक्स कार्डाची मागणीही स्थिर नसते. क्षणाच्या अगदी लहान अंशापुरती ती नेहमीच्या आकड्याच्या कितीतरी वर उसळी घेते. २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकानुसार ४५० वॅटहून मोठ्या पेटीने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा, अशी अपेक्षा आहे. जुन्या पेट्यांकडे ही सोय असेलच असे नाही. शिवाय उष्णतेने आणि वयाने पेटीतील कपॅसिटर क्षीण होत जातात. आठ-दहा वर्षे राबलेली पेटी छापील आकड्याला जागेल असे धरून चालू नये.

पुरेशी वीज असली तरी ती योग्य वाटेने पोचली पाहिजे. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक हवे असल्यास पेटीतून थेट तारा जोडाव्या लागतात : सहा पिनांचा प्लग ७५ वॅटचा, आठ पिनांचा १५० वॅटचा. पेटीत असा प्लग नसेल, तर बाजारात स्वस्त जोडप्लग मिळतो; त्याच्या मोहात पडू नये. डिस्कसाठी असलेल्या साटा प्लगातून १२ व्होल्टची वीज सुमारे ५४ वॅटच नेता येते. त्यावर १५० वॅटचा भार घातल्यास प्लग तापून वितळण्याचा आणि प्रसंगी आग लागण्याचा धोका असतो.

शेवटची कडी यूपीएसची. पेटीवरील वॅट ती बाहेर किती देते हे सांगतात. स्वतः ती भिंतीतून त्याहून अधिक घेते. कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर ३३० वॅट देण्यासाठी तिला सुमारे ३९० वॅट लागतात. पडद्याची वीज वेगळीच. घरोघरी दिसणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसची क्षमता पुष्कळदा ३६० वॅटच असते. म्हणजे नवी पेटी आणि नवे कार्ड यथायोग्य असूनही, जोराचे काम चालू असताना वीज गेली की यूपीएस हात टेकते आणि न साठविलेले काम नाहीसे होते.

भार असह्य झाला की चांगली पेटी स्वतःला बंद करून घेते. काम ऐन भरात असताना संगणक अचानक विझणे ही त्याची खूण होय. निकृष्ट पेटी मात्र बंद न होता जळते, आणि जळताना जोडलेल्या भागांनाही सोबत नेऊ शकते. तेव्हा कार्डाची मागणी, १२ व्होल्टची ऐपत, प्लगांची संख्या आणि यूपीएसची क्षमता या चार गोष्टी कागदावर मांडूनच दुकानाची पायरी चढावी. हा तपास पेटीच्या बाहेरूनच करायचा असतो. पेटीचे झाकण कधीही उघडू नये. तार काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज काही काळ साठून राहते.