मधुमेह व स्थूलतेवरील शस्त्रक्रिया

अतिस्थूल व्यक्तीचे वजन घटविण्यासाठी जठर व लहान आतडे यांवर करण्यात येणाऱ्या शस्त्रक्रियांमुळे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातील रक्तशर्कराही पुष्कळदा नियंत्रणात येते. अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठरमार्गांतर शस्त्रक्रिया केली, तेव्हा वजन घटविणे एवढाच तिचा हेतू होता. वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मात्र अशा शस्त्रक्रियेनंतर १४६ मधुमेही रुग्णांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा प्राकृत झाल्याचे दिसून आले.

प्रकार व कार्यपद्धती : जठरमार्गांतरात जठराच्या वरच्या भागाची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात, त्यामुळे अन्न उरलेले जठर व ग्रहणी टाळून पुढे जाते. नलिकाकार जठरछेदनात जठराचा सु. तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. रक्तशर्करा कित्येकदा वजनात विशेष घट होण्यापूर्वी, काही दिवसांतच उतरते. आहार एकदम कमी झाल्याने यकृतातील मेद घटतो, हे याचे एक कारण होय. शिवाय अन्न आतड्याच्या शेवटच्या भागात लवकर पोहोचल्याने तेथून जीएलपी-१ हे हॉर्मोन अधिक स्रवते व ते अग्निपिंडास इन्शुलिन स्रवण्यास उद्युक्त करते.

भारतीयांतील विशेष : पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा देहभारांक (किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) सारखाच, म्हणजे २२.३ असून शरीरातील मेद मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होता, हे २००४ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयासही मधुमेह का जडतो, हे यावरून कळते. शशांक शहा, जयश्री तोडकर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ३५ पेक्षा कमी देहभारांकाच्या १५ भारतीय मधुमेहींवरील जठरमार्गांतराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या सर्वांची मधुमेहावरील औषधे थांबविता आली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आशियाई लोकांसाठी देहभारांकाची मर्यादा २७.५ इतकी खाली आणली आहे.

मर्यादा : अमेरिकेतील एका तौलनिक चाचणीत (२०१७) पाच वर्षांनंतर ग्लुकोजबद्ध हीमोग्लोबिन ६ टक्के वा त्याहून कमी असलेल्यांचे प्रमाण मार्गांतरानंतर २९, जठरछेदनानंतर २३ व केवळ औषधांनी ५ टक्के आढळले. म्हणजे शस्त्रक्रिया औषधांहून सरस असली, तरी तिचा पूर्ण लाभ सर्वांना मिळत नाही. मधुमेह जुना असल्यास व इन्शुलिन घ्यावे लागत असल्यास यशाची शक्यता घटते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात अग्निपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या कोशिकाच नष्ट होत असल्याने तो या उपायाने शमत नाही. शस्त्रक्रियेनंतर लोह, कॅल्शियम व ब१२ जीवनसत्त्व यांची उणीव संभवते. म्हणून पूरक औषधे व नियमित तपासणी आयुष्यभर आवश्यक असते. शमलेला मधुमेह काही वर्षांनी उलटू शकतो. म्हणून औषधांविना रक्तशर्करा प्राकृत राहिली, तरी तज्ञ त्या अवस्थेस रोगमुक्ती न म्हणता ‘शमन’ असे म्हणतात.