शुक्राणूच्या शेपटीतला दरवाजा

‘रिपोर्ट नॉर्मल आहे,’ हे वाक्य मूल होत नसलेल्या काही जोडप्यांना दिलासा देण्याऐवजी कोड्यात टाकते. वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, आकार आणि हालचाल पाहतात. पण स्त्रीबीजाजवळ गेल्यावर शुक्राणूला शेपटीचे जोरदार फटके मारावे लागतात, तेव्हा कुठे बीजाभोवतीचे कवच भेदले जाते. हा जोर नेहमीच्या तपासणीत दिसत नाही.

त्यासाठी शेपटीत कॅल्शियम शिरावे लागते. ते ज्या दारातून शिरते, त्या ‘कॅटस्पर’ या आयन चॅनेलचा पहिला घटक अमेरिकेत डेव्हिड क्लॅपहॅम यांच्या प्रयोगशाळेने २००१ मध्ये शोधला. त्याचे जनुक काढलेले नर उंदीर एरवी धडधाकट होते. पिल्ले मात्र होईनात.

पुढे कळले, की चार वेगवेगळी प्रथिने मिळून मधले छिद्र बनते. पण ती दुसऱ्या पेशीत घातली, तर दार काही उघडेना. म्हणजे काही भाग हाती लागायचेच होते. ते शोधायची युक्ती गमतीची आहे. पहिल्या प्रथिनाला खूण जोडलेले उंदीर तयार केले, त्या खुणेला धरून ते वृषणातून वेगळे काढले आणि सोबत काय चिकटून आले ते पाहिले. २००७ मध्ये असाच ‘बीटा’ हा घटक सापडला. अर्थात चिकटून आलेला प्रत्येक जण घरातलाच असतो असे नाही. त्याच वेळी इतर प्रथिनांची घडी बसवायला मदत करणारे एक प्रथिनही आले होते. बीटाची खात्री पटली ती वेगळ्या कारणाने: पहिला घटक नसलेल्या उंदरांच्या शुक्राणूंत बीटाही सापडत नव्हता.

मग गॅमा, डेल्टा असे एकेक भाग मिळत गेले. २०२१ मध्ये अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उंदराच्या चॅनेलचे चित्र मिळाले, तर त्यात कुणाच्या ध्यानीमनी नसलेली प्रथिनेही निघाली! छिद्र चार प्रथिनांचे. सगळा डोलारा मात्र दहाहून अधिक प्रथिनांचा.

ही नुसती मोजदाद नाही. यातल्या काही जनुकांत बिघाड असलेले पुरुष आढळले आहेत आणि त्यांतल्या काहींचा रिपोर्ट खरोखरच नॉर्मल असतो. असे बिघाड विरळा. पण तसा असेल, तर बशीत बीज आणि शुक्राणू नुसते एकत्र ठेवून भागत नाही. शुक्राणू सुईने थेट बीजात सोडण्याचे ‘इक्सी’ तंत्र वापरावे लागते. त्यात कवच भेदायचा प्रश्नच उरत नाही.