जरा संथ आहे

‘कसा वाटला?’ या प्रश्नाला गेल्या वीसेक वर्षांत मराठी प्रेक्षकानं सर्वांत जास्त वेळा काय उत्तर दिलं असेल, असं कुणी विचारलं, तर मी फार विचार न करता सांगेन: ‘चांगलाय, पण जरा संथ आहे.’ यातला ‘जरा’ सभ्यतेपोटी येतो. ‘चांगलाय’ बहुधा पुरस्कारांच्या धाकानं. खरं मत ‘पण’च्या पुढे असतं. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी, २००४ साली, ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. मग ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ यांनी ते आणलं, आणि २०२५च्या सुरुवातीला ‘साबर बोंडं’नं अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचं मोठं पारितोषिक मिळवलं. एवढ्या काळात पाहिलेल्या चित्रपटांवर, हाती घेतलेल्या पुस्तकांवर आणि टाळेबंदीत घरोघरी निघालेल्या सुया-दोऱ्यांवर जी जाता-जाता मतं दिली गेली, ती मागे वळून तपासली तर हा एक शेरा सगळीकडे सापडतो. माझं म्हणणं असं, की तो शेरा गतीबद्दल नसतोच. बघणाऱ्याच्या, वाचणाऱ्याच्या हाताला काही काम मिळालं नाही, ही त्यामागची तक्रार असते. गतीच्या नावावर ती खपून जाते.

पुरावा म्हणून दोन चित्रपट शेजारी ठेवू. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ २०१५ साली चित्रपटगृहांत आला आणि संथपणाचं ठरलेलं उदाहरण होऊन बसला. पुढच्याच वर्षी नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ आला आणि गावोगावच्या चित्रपटगृहांबाहेर रांगा लागल्या. ‘कोर्ट’ दोन तासांच्या आत संपतो. ‘सैराट’ जवळजवळ तीन तासांचा आहे. चारही गाणी पूर्वार्धातच होऊन जातात. प्रेमी जोडपं आर्ची-परशा हैदराबादला पोचल्यानंतर तर चित्रपट चक्क रेंगाळतो: झोपडीतली कोंदट खोली, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, भांडण, समेट, हप्त्याहप्त्यानं उभा राहणारा संसार. शेवटच्या प्रसंगात माहेरची माणसं येतात, चहा होतो, भेटवस्तू दिल्या जातात आणि नंतर पडद्यावर आवाजच उरत नाही. ‘झिंगाट’वर खुर्च्या सोडून नाचलेलं थिएटर त्या शेवटाला श्वास रोखून बसलं. संथपणा खरंच खुपत असता, तर हेच प्रेक्षक तासभर आधी उठून गेले असते. यावर कुणी म्हणेल, की पूर्वार्धातल्या गाण्यांनी प्रेक्षकाचा भरवसा आधीच विकत घेतला होता. मान्य. पण हे मान्य केलं की वाद गतीचा राहत नाही, भरवशाचा होतो. पुढे काय होणार याची धास्ती प्रेक्षकाच्या पोटात बसलेली होती, आणि धास्ती बाळगणं हेही कामच आहे.

‘कोर्ट’ प्रेक्षकाला वेगळंच काम देतो, आणि ते काम दिलंय हे सांगत मात्र नाही. कॅमेरा लांब उभा असतो, चौकट रुंद असते, तिच्यात न्यायाधीश, वकील, कारकून, आपली पाळी येईल म्हणून थांबलेली माणसं सगळी एकाच वेळी असतात. कुणाकडे बघायचं हे दिग्दर्शक बोट धरून दाखवत नाही. एका बाईनं बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून तिचं प्रकरण पुढची तारीख घेऊन परत जातं. हा प्रसंग क्लोज-अप आणि पार्श्वसंगीत लावून दाखवला असता तर टाळ्या घेऊन गेला असता. इथे तो दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत, कार्यालयीन आवाजात उरकला जातो, आणि आपलं लक्ष नसेल तर निसटतो. शेवटाकडे सुटीपूर्वीचं कामकाज संपतं, माणसं उठतात, शिपाई एकेक दिवा मालवतो आणि पडदा काळा होतो. चित्रपट संपला म्हणून हात पिशवीकडे जातो, आणि मग न्यायाधीशांची सहल सुरू होते. ज्यानं त्या दालनात स्वतः नजर फिरवली असेल, त्याला या सहलीतली प्रत्येक गोष्ट खटल्याला जोडता येते. ज्यानं फिरवली नाही, त्याच्यासाठी ती नुसती सहल राहते, आणि त्याचं ‘संथ’ म्हणणं त्याच्यापुरतं अगदी खरं असतं.

‘श्वास’ला मात्र सहसा कुणी संथ म्हणत नाही, ही मला या साऱ्या हिशेबातली सगळ्यात बोलकी नोंद वाटते. त्यात घडतं काय? कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या इस्पितळात येतात, डोळ्यांचा कर्करोग निघतो, शस्त्रक्रियेशिवाय जीव वाचणार नाही आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टी राहणार नाही. मग कागदपत्रं, समजावणी, ताटकळणं. शस्त्रक्रियेच्या तोंडावर आजोबा मुलाला घेऊन बाहेर पडतात आणि त्याला शहर दाखवतात. एरवी हा ‘भटकंतीचा’ भाग कात्रीखाली गेला असता. इथे प्रत्येक रंग, प्रत्येक वस्तू आपण त्या पोराच्या वतीनं शेवटची बघत असतो. घड्याळ एकदा लावून दिलं, की त्याचे काटे सावकाश फिरले तरी चालतात. उलट ते आणखी सावकाश फिरावेत असं वाटतं.

हे नीट कळायला हातकामाकडे वळावं लागतं, कारण तिथे ‘संथ’ हा शब्द शिवी म्हणून कधी वापरला जात नाही. गोधडी घ्या. जुनी लुगडी, धोतरं, चादरी एकावर एक अंथरायच्या, सुरकुती राहू द्यायची नाही, कडा दुमडून कच्चा दोरा घालायचा, आणि मग काठापासून आत धावदोऱ्याच्या ओळी टाकत यायच्या, बोटभर अंतरानं, थेट मध्यापर्यंत. ओळी दाट झाल्या तर गोधडी ताठरते, विरळ राहिल्या तर आतले थर गोळा होतात. दोन्हींच्या मधलं अंतर हाताला कळावं लागतं. तिला कुणी ‘जरा संथ झालीय’ म्हणत नाही. ‘एवढं केलंस कधी?’ असं विचारतात, आणि त्या विचारण्यात कौतुकच असतं. मार्च २०२० नंतर ज्यांनी क्रोशाची सुई पहिल्यांदा धरली, त्यांनाही साखळी, मुका खांब आणि खांब यांच्यापलीकडे एक गोष्ट शिकावी लागली, ती म्हणजे उसवणं. चौथ्या ओळीत एक खांब निसटलेला चौदाव्या ओळीत लक्षात येतो, आणि दहा ओळी उसवण्यावाचून गत्यंतर नसतं. हातकामावरचं मत असं दोऱ्यात उमटतं: जे पटलं नाही ते उसवलं जातं. अर्थात टाळेबंदीत सुरू झालेलं सगळंच पुरं झालं नाही. अर्ध्यावर राहिलेले रुमाल आणि एका बाहीचे स्वेटर मोजायला बसलं तर ‘हातकामात संथपणा चालतो’ हा माझा मुद्दाच लंगडा होईल. पण ते टाकले गेले ते वेळ लागतो म्हणून नव्हे. पुढचा टाका काय साधणार हे दिसेनासं झालं म्हणून.

इथे खरा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गोधडीचा वेळ गोधडी शिवणाऱ्याचा असतो, चित्रपटाचा वेळ तिकीट काढणाऱ्याचा. शिवणारीनं स्वतःचे तीन महिने घातले तर ती तिची मर्जी. दिग्दर्शकानं माझी दहा मिनिटं कुठल्या हक्कानं घ्यावीत? या प्रश्नाला ‘कला अशीच असते’ हे उत्तर नव्हे. उत्तर असलंच तर एवढं, की घेतलेल्या दहा मिनिटांत त्यानं माझ्या हातात सुई दिली पाहिजे. नाही दिली तर तक्रार रास्त आहे. तशा चित्रपटांचं पीकही याच काळात आलं: भातशेतीवरून सरकणारा ड्रोन, बासरीचा एक सूर, म्हातारीच्या सुरकुत्या, आणि पाच मिनिटांनी तेच पुन्हा. महोत्सवात शोभावा म्हणून चढवलेला हा संथपणाचा पोशाख आहे. त्याला ‘जरा’ कशाला, चांगलाच संथ म्हणावं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांबद्दल आदर ठेवूनही ‘कासव’बद्दल माझं मत थोडं असंच आहे. नैराश्यानं खचलेला तरुण आणि त्याला प्रश्न न विचारता आसरा देणारी बाई, ही जोडी आणि तिच्यातलं अंतर फार नेमकं जमलं आहे. पण किनाऱ्यावरच्या कासवांचं रूपक आपल्याला उमगायच्या आतच पात्रं ते बोलून दाखवतात. समजून घेण्याचं काम पात्रांनी करून टाकलं, की आपल्याला फक्त बसणं उरतं. गती तीच, पण बाकावर बसवून ठेवल्यासारखं वाटतं.

पुस्तकांना हा नियम थोडा सैल लागतो, कारण पान उलटणं वाचकाच्या बोटात असतं. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ला १९६३पासून कुणी ‘कथानक नाही’ म्हणून नावं ठेवली असतील; कंटाळवाणी म्हणणारे कमी भेटतात. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर घडत काहीच नाही अशा दिवसांबद्दल बोलत राहतो आणि त्या बोलण्याचा ठेका आपल्याला ओढत नेतो. त्याच नेमाड्यांची २०१०ची ‘हिंदू’ मात्र अनेकांच्या टेबलावर खूण घातलेल्या अवस्थेत राहिली. मला वाटतं कारण जाडीचं कमी, आणि वाचकाला तिथे श्रोत्याच्या जागी बसवलं गेलं याचं जास्त. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. धरणानं उठवलेला एक माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला जुन्या गावी परत जातो, गोष्ट म्हटली तर एवढीच. पण माणसाविना रानवट झालेली जागा आणि जनावर यांची चाहूल घेत आपणही वाकून चालू लागतो. तिथे पान हळू उलटतं, आणि ते हळू उलटावं लागतं याचा राग येत नाही.

आणखी एक आक्षेप सामाजिक आहे. लोकल पकडून, ओव्हरटाइम करून घरी आलेल्या माणसाला लांबलचक शॉट दाखवणं ही रिकामटेकड्यांची चैन आहे, असं म्हणतात. इतिहास मात्र वेगळं सांगतो. सिंधुदुर्गातला दशावतार रात्रभर चालतो आणि तो बघणारे दिवसभर शेतात असतात. ज्ञानेश्वरीच्या पारायणाचा सप्ताह सात दिवसांचा असतो. कष्टकऱ्याला सावकाशीची ॲलर्जी नव्हती कधी. तरी या आक्षेपातला एक तुकडा मला खोडता येत नाही: दशावताराच्या प्रेक्षकाला मधेच डुलकी काढता येते, चहा पिऊन येता येतं, शेजाऱ्याशी बोलता येतं. चित्रपटगृह त्याला अंधारात, महागड्या खुर्चीत, गप्प बसवतं. ‘साबर बोंडं’ पाहताना हे विशेष जाणवतं. वडील गेल्यावर मुंबईहून गावी आलेल्या मुलाचे दहाव्यापर्यंतचे दिवस, नात्यांतली कुजबुज, लग्नाबद्दलची टोचणी, आणि लहानपणीच्या मित्राबरोबर रानात बसून राहणं. सुतकाचे दिवस खऱ्या घरात असेच जातात, आणि तिथे माणसं उठत-बसत ते काढतात. रोहन कानवडेंनी कॅमेरा हलवला नाही हे बरोबरच केलं. पण त्या दहा दिवसांना ओसरी असते, मल्टिप्लेक्सला नसते.

याच मराठी माणसाला गाण्यात मात्र विलंबिताचा अभिमान असतो, ही मजा बघा. विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालतं, किराणा घराण्याची आलापी एका स्वराभोवती घुटमळते, आणि सवाई गंधर्व महोत्सवात मांडी घालून बसलेली मंडळी समेवर मान हलवतात. तिथे ‘जरा संथ आहे’ म्हणणाऱ्याकडे लोक दयेनं बघतील. कारण सम कुठे आहे हे श्रोत्याला ठाऊक असतं. गायक भटकत असताना तो मनात मात्रा मोजत असतो, त्याच्या हाताला काम असतं. ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ नेमका याच जगाबद्दल आहे, आणि त्यातले गुरू-शिष्य, अरुण द्रविड आणि आदित्य मोडक, प्रत्यक्षातही गायक आहेत. तो भारतातल्या बहुतेकांनी पाहिला नेटफ्लिक्सवर, २०२१च्या एप्रिलअखेरीस. आणि तिथे त्याच्या आदल्या वर्षीपासून मोबाइलवर चित्रपट दीडपट वेगानं बघायची सोय झालेली होती. दीडपट केलं की मिनिटाचं आवर्तन चाळीस सेकंदांत बसतं. सूर बिघडत नाही, तेवढी काळजी यंत्र घेतं. रात्रीच्या मुंबईत मुद्दाम मंद केलेली नायकाची मोटरसायकल आपल्या मूळ वेगाकडे सरकते. आणि तिच्यावर बसून तो कानात ऐकत असतो तो गुरूंच्या गुरू माईंचा आवाज. तो सुमित्रा भाव्यांनी दिला होता, आणि त्याच महिन्यात त्या गेल्या. साधनेबद्दल बोलणारा तो आवाजही मग घाईत बोलू लागतो.