अ‍ॅप तपासायला कोणता फोन घ्यावा?

येवल्याची पैठणी विकणारे किंवा कांद्याचा भाव कळवणारे अ‍ॅप करायचे म्हटले, की ते तपासायला फोन लागतो. फोन जितका महाग तितकी तपासणी पक्की, हा यातला सर्वांत रुजलेला गैरसमज. वस्तुस्थिती उलट आहे. बारा जीबी रॅमचा फोन अ‍ॅपचे दोष पोटात घालतो. पैठणीच्या पदराचा ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो फाइल म्हणून काही एमबींचाच असतो. पण पूर्ण आकारात उघडताना, पिक्सेलला ४ बाइट धरले तर, तो ४८ एमबी मेमरी खातो. असे दहा पदर एकदम उघडले की अर्धा जीबी संपला. महागड्या फोनवर हे जाणवतही नाही. दोन जीबीच्या फोनवर अ‍ॅप बंद पडू शकते. फोटो लहान करून दाखवावेत, ही अक्कल स्वस्त फोनच शिकवतो.

संगणकावर फोनची नक्कल करणारा फुकटचा एम्युलेटर असताना फोन कशाला, हा आक्षेप अगदीच बिनबुडाचा नाही. अँड्रॉइड स्टुडिओतल्या एम्युलेटरवर निरनिराळे पडदे आणि जुन्या-नव्या आवृत्त्या विनाखर्च तपासता येतात. रोजचे बरेचसे काम त्यावरच उरकावे. मात्र तो संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो, त्यामुळे स्वस्त फोनचा संथपणा त्यात उतरत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी काही कंपन्यांचे फोन मागे चालणारी अ‍ॅप परस्पर बंद करतात, तेही तिथे दिसत नाही. बाजार समितीच्या आवारात भर उन्हात भावाचे आकडे वाचता येतात का, हे तर फोन हातात घेतल्याशिवाय कळणारच नाही.

मग कपाटातला जुना फोन चालेल, असे वाटणे हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. अँड्रॉइड १३ पासून सूचना पाठवण्याआधी अ‍ॅपला वापरणाऱ्याची परवानगी मागावी लागते. त्याआधीच्या फोनवर हा प्रश्न समोर येतच नाही. तिथे सुरळीत वाटलेले अ‍ॅप नव्या फोनवर भाव कळवायचेच थांबू शकते. म्हणून कमी रॅमचा, पण अँड्रॉइड १३ किंवा पुढचा फोन निवडावा. जुन्या बाजारातून घेताना बिल मागावे, बॅटरी फुगलेली नाही ना आणि केबलने संगणकाशी जोडला जातो ना हे पाहावे, *#06# दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासावा.

एका फोनवर सगळे कसे कळेल? कळत नाहीच; पण म्हणून दहा फोन विकत घ्यायचीही गरज नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून प्ले स्टोअरवर अ‍ॅप आणायचे, तर किमान १२ जणांना सलग १४ दिवस चाचणीत राहावे लागते. ही नावे मित्रमंडळींतून भरण्यापेक्षा विणकर, दुकानदार आणि येवल्याजवळच्या अंदरसूलच्या उपबाजारात कांदा नेणारे शेतकरी यांतून भरली, तर बारा खरे फोन आपोआप मिळतात. दोष त्यांच्या हातात सापडेल. तो केबल लावून शोधायला आणि दुरुस्त करायला आपल्या टेबलावर एक साधा फोन पुरेल.