गिटारमधला स्क्रॅच

रेज अगेन्स्ट द मशीन या लॉस एंजेलिसच्या बँडचा पहिला अल्बम ३ नोव्हेंबर १९९२ रोजी आला. बँडचे नाव तेच अल्बमचे नाव. रॅप आणि मेटलची गाठ त्याआधीच पडली होती. १९९१ मध्ये रॅप गट पब्लिक एनिमी आणि मेटल बँड अँथ्रॅक्स यांनी ‘ब्रिंग द नॉइज’ एकत्र केले होते. पण तिथे दोन बँड एकमेकांकडे पाहुणे होते. इथे दोन्ही शैली एकाच चौकडीच्या अंगात मुरलेल्या आहेत.

झॅक डी ला रोचाचा आवाज, टॉम मोरेलोची गिटार, टिम कॉमरफोर्डचा बेस आणि ब्रॅड विल्कचे ड्रम, एवढाच सरंजाम. मेटलमधली वेगाची चढाओढ यात जवळपास नाही. रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, बहुधा मध्यम लयीत आणि बेसच्या जोडीने चालतो. मधे तो जागा सोडतो आणि रॅपचे शब्द तिथे बसतात. गिटारची जितकी वाहवा होते तितकी बेस-ड्रमची होत नाही, पण या अल्बमचा कणा तोच आहे. ‘किलिंग इन द नेम’मध्ये गिटारची सर्वांत जाड तार एक पूर्ण स्वर उतरवलेली आहे, त्यामुळे रिफला खर्जाचे वजन येते. त्याच गाण्यात डी ला रोचा एकच ओळ दबक्या आवाजातून किंकाळीपर्यंत चढवत नेतो.

हिपहॉपमध्ये डीजे तबकडी पुढेमागे ओढून खरखर काढतो. मोरेलोने ते काम गिटारवर घेतले. तारांची कंपने टिपणाऱ्या दोन पिकअपपैकी एकाचा आवाज शून्यावर ठेवून तो पिकअप बदलणारा स्विच भराभर हलवतो, की सूर तुटत-जुळत येतो. तारा दाबून घासल्या की स्क्रॅच ऐकू येतो. वॅमी नावाचे पेडल पायाने दाबले की सूर दोन सप्तके वर झेपावतो. सॅम्पल, कीबोर्ड वा सिंथेसायझर वापरलेला नाही, अशी नोंद अल्बमसोबत मुद्दाम छापलेली आहे, आणि तो अभिमान रास्त आहे.

मुखपृष्ठावर माल्कम ब्राउन यांचे छायाचित्र आहे. दक्षिण व्हिएतनाममधील बौद्धांवरच्या दडपशाहीविरुद्ध ११ जून १९६३ रोजी सायगावच्या रस्त्यावर आत्मदहन करणारे भिक्षू थिच क्वांग डुक त्यात दिसतात. गाण्यांचा रोखही सत्तेवरच आहे: ‘किलिंग इन द नेम’मध्ये पोलिसांमधला वर्णद्वेष, ‘टेक द पॉवर बॅक’मध्ये शाळेतला एकांगी इतिहास. कृष्णवर्णीय नेत्यांवरच्या सरकारी पाळतीबद्दलचे ‘वेक अप’ १९९९ मध्ये ‘द मॅट्रिक्स’च्या शेवटी वाजले. २००९ च्या नाताळात, श्रोत्यांनी चालवलेल्या मोहिमेमुळे, ‘किलिंग इन द नेम’ ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.