विश्लेषण : ‘सिव्हिलायझेशन’ गेममध्ये शहरांच्या सीमा कशा वाढतात? त्यावर क्री समाजाचा आक्षेप काय?

पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या व्यूहरचनेच्या गेम्समध्ये ‘सिव्हिलायझेशन’ हे सर्वात परिचित नाव. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी घडवलेला या मालिकेचा पहिला भाग १९९१ मध्ये आला, तर सातवा फेब्रुवारी २०२५ मध्ये. शहर वसवा, भोवतीची जमीन ताब्यात घ्या, साम्राज्य उभारा, हा गाभा कायम राहिला. मात्र जमीन कोणाची ठरते आणि कशामुळे, याचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले. २०१८ मध्ये कॅनडातील क्री समाजातून या मालिकेवर जो आक्षेप आला, तो याच प्रश्नाशी जोडलेला होता.

सुरुवातीला सीमा होत्या का?

नव्हत्या. पहिल्या दोन भागांत नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोनी घरांचा होता. शहराला स्वत:चे घर धरून २१ घरांचा वापर करता येई. म्हणजे पाच बाय पाचचा चौकोन, चार कोपरे वगळून. त्या घरांवर कायमची मालकी मात्र नसे. दोन शहरांच्या कक्षेत एकच घर आले, तर ज्याचा नागरिक आधी कामाला लागला, त्यालाच तिथले उत्पन्न मिळे.

संस्कृतीने सीमा कशी आखली?

२००१ च्या तिसऱ्या भागात राष्ट्रांच्या सीमा नकाशावर दिसू लागल्या. मंदिर, ग्रंथालय अशा वास्तू दर पाळीला संस्कृतीचे गुण देतात. शहराचे १० गुण झाले की सीमा पहिल्यांदा सरकते, १०० झाले की पुन्हा. मंदिराचे दर पाळीला दोन गुण. म्हणजे फक्त मंदिर बांधले तरी पाच पाळ्यांत पहिला विस्तार. संस्कृतीचा प्रभाव फारच वरचढ ठरला, तर शेजाऱ्याचे अख्खे शहरही लढाईविना आपल्याकडे येऊ शकते. २००५ च्या चौथ्या भागात प्रत्येक घरावर कोणत्या राष्ट्राचा किती प्रभाव, याचा स्वतंत्र हिशेब सुरू झाला. सरहद्दीवरची खाण त्यामुळे आज आपली, तर उद्या शेजाऱ्याची होऊ शकते.

पैसे मोजून जमीन केव्हापासून?

२०१० च्या पाचव्या भागापासून. येथे घरे षटकोनी झाली आणि सीमा एकदम न फुगता एकेक घराने वाढू लागली. संस्कृतीच्या जोरावर मिळणारे पुढचे घर गेम स्वत: निवडतो आणि प्रत्येक नव्या घराची किंमत चढत जाते. थांबायचे नसेल तर शहरापासून तीन घरांपर्यंतची जमीन सोने देऊन विकत घेता येते. म्हणून आपोआप येणाऱ्या घरावर सोने न उधळता, शेजारी हिसकावेल असे लोखंडाचे किंवा घोड्यांचे घर आधी घेणे शहाणपणाचे. या खरेदीत अमेरिकेला निम्मी सवलत आहे. तिचे नाव ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’. एकोणिसाव्या शतकात मूळ रहिवाशांच्या भूमीवरील अमेरिकेच्या पश्चिमविस्ताराचे समर्थन याच नावाने होत असे.

निष्ठा आणि लोकसंख्या कुठे आली?

२०१६ च्या सहाव्या भागाला २०१८ मध्ये ‘राइज अँड फॉल’ ही पुरवणी जोडली गेली. तिच्यात नऊ घरांच्या आतील शहरांची लोकसंख्या एकमेकांवर दाब टाकते. शहराची निष्ठा शून्यावर आली की ते बंड करून स्वतंत्र होते. त्यामुळे परक्यांच्या गर्दीत एकटे शहर वसवणे धोक्याचे ठरते. सातव्या भागात लोकसंख्या वाढली की सीमा वाढते आणि नवे घर खेळाडू स्वत: निवडतो.

क्री समाजाचा आक्षेप काय होता?

याच पुरवणीत एकोणिसाव्या शतकातील क्री नेते पाउंडमेकर यांना साम्राज्याचा नायक म्हणून घेतले गेले. गेममध्ये क्री व्यापारी शहराजवळच्या मोकळ्या घरांतून गेला की ती घरे क्रींची होतात. पाउंडमेकर क्री नेशनचे प्रतिनिधी मिल्टन टूटूसिस यांनी जानेवारी २०१८ मध्ये हरकत घेतली. इतरांना जिंकून त्यांची जमीन मिळवणे हे वसाहतवाद्यांचे मूल्य होते, तेच आदिवासींचेही होते असा समज यातून पसरतो, असा त्यांचा मुद्दा होता. प्रत्यक्षात १८७६ च्या करारावेळी जमिनीचे तुकडे पाडून तीच क्रींना परत देण्याच्या कल्पनेला पाउंडमेकर यांनी विरोध केला होता.

मग नियमांत नेमके काय अडते?

श्रम, संस्कृती, सोने, लोकसंख्या असे निकष बदलले, तरी सीमेबाहेरची जमीन कोणाचीच नाही, हे गृहीतक टिकून राहिले. सहाव्या भागापर्यंत नकाशावर लहान आदिवासी वस्त्या दिसतात. खेळाडूचे पथक आत शिरले की त्या बक्षीस देऊन नाहीशा होतात. सातव्या भागात मात्र अशा स्वतंत्र वस्त्यांशी मैत्री करून त्यांना नगरराज्य म्हणून टिकवता येते. पण त्यांना उद्ध्वस्त करण्याचा पर्यायही शिल्लक आहे आणि निवड खेळाडूच्या हाती आहे.